मिन्यान अथवा दहा जणांची प्रार्थना

सभेची वेळ होऊन गेलेली असावी, अध्यक्ष आसनस्थ झालेले असावेत, कार्यक्रमपत्रिका सर्वांच्या हातीं असावी, आणि तरीही काम सुरू होऊं नये, असा प्रसंग शहरांतील सुशिक्षित मंडळींच्या चांगलाच परिचयाचा आहे. गणपूर्ति झालेली नसते. पुरेसे सभासद जमले नाहींत तर घेतलेला निर्णय कायदेशीर ठरत नाहीं. मग अर्धा तास दाराकडे पाहत बसावयाचें आणि शेवटीं सभा तहकूब करावयाची, हा क्रम ठरलेलाच. कायदेमंडळास, नगरपालिकेस किंवा सहकारी पतपेढीस ही अट असावी यांत नवल नाहीं. चार जणांनीं परस्पर कांहीं ठरवून तें सर्वांच्या माथीं मारूं नये, एवढाच तिचा हेतु असतो. परंतु देवाची प्रार्थना करावयाची असतांनाही गणपूर्तीची अट घालणारा एक प्राचीन धर्म जगांत आहे. तो म्हणजे यहुदी धर्म. त्या धर्मांत या गणपूर्तीस ‘मिन्यान’ असें म्हणतात.

‘पांचामुखीं परमेश्वर’ ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या तोंडीं आहे. त्या म्हणींतील पांच ही संख्या मोघम आहे. चारचौघे म्हणतांना कोणी मोजून चारच माणसें घेत नाहीं, तसेंच तें आहे. मिन्यानची गोष्ट निराळी. तेथें दहा म्हणजे दहाच. नऊ जण जमले असतील तर ते कितीही विद्वान् आणि सच्छील असोत, त्यांना दहाव्याची वाट पाहत थांबावें लागतें. एवढी काटेकोर अट कशासाठीं, आणि तिनें एका समाजाच्या जीवनाला कोणतें वळण लावलें, हें पाहण्यासारखें आहे.

हिब्रू भाषेंत ‘मिन्यान’ शब्दाचा मूळ अर्थ मोजदाद किंवा संख्या असा आहे. परंपरेप्रमाणें तेरा वर्षें पूर्ण झालेले दहा यहुदी पुरुष एका ठिकाणीं जमले म्हणजे मिन्यान झालें. यहुदी मनुष्यास एकट्यानें प्रार्थना करतां येत नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सकाळ, दुपार व रात्र अशा तीन वेळच्या प्रार्थना त्यास घरीं, प्रवासांत, दुकानांतही करतां येतात. ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारा ‘शेमा’ तो अंथरुणावर पडल्या पडल्याही म्हणतो. परंतु कांहीं गोष्टी अशा आहेत कीं, त्या समुदायावांचून होऊंच शकत नाहींत. तोरा म्हणजे मोशेच्या पांच ग्रंथांची चर्मपत्रावर हातानें लिहिलेली गुंडाळी. तिचें सोमवारीं, गुरुवारीं व शनिवारीं होणारें जाहीर वाचन, ईश्वराच्या पावित्र्याचा सर्वांनीं मिळून करावयाचा उद्घोष, प्राचीन पुरोहितांच्या वंशजांनीं लोकांना द्यावयाचा आशीर्वाद, विवाहप्रसंगींचे सात आशीर्वाद, आणि मृताच्या नातलगानें म्हणावयाचा ‘कद्दीश’, या सर्वांना दहा जण लागतात. यांतील बऱ्याच बाबींची यादी इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मसंहितेंतच आढळते. यावरून ही प्रथा किती जुनी आहे याची कल्पना येईल.

हा दहाचा आंकडा आला कोठून? ताल्मूदकार पंडितांनीं याचा उलगडा मोठ्या चमत्कारिक रीतीनें केला आहे. इस्राएलाच्या संततीमध्यें आपलें पावित्र्य प्रकट व्हावें, अशा आशयाची ईश्वराची आज्ञा तोरामध्यें आहे. आतां ‘संततीमध्यें’ म्हणजे किती जणांमध्यें? एका वचनांतील शब्द दुसऱ्या वचनांत कोठें आला आहे तें शोधावयाचें आणि त्यावरून अर्थ ठरवावयाचा, ही त्या पंडितांची पद्धति. तिच्या आधारें ते ‘समुदाय’ या अर्थाच्या ‘एदा’ शब्दापर्यंत पोंचले, आणि हा शब्द दहा जणांस लावलेला त्यांना आढळला. मोशेनें कनान देशाची टेहळणी करण्यास बारा हेर पाठविले होते. यहोशवा व कालेब या दोघांनीं लोकांस धीर दिला. उरलेल्या दहांनीं भीतीच्या गोष्टी सांगून सर्वांचा तेजोभंग केला. या दहांचा उल्लेख तोरामध्यें ‘दुष्ट समुदाय’ असा आहे. त्यावरून समुदाय म्हणजे दहा, हें ठरलें.

येथें क्षणभर थांबून विचार करण्याजोगें आहे. प्रार्थनेसारख्या पवित्र कार्याची संख्या ठरवावयाची होती, आणि आधार घेतला तो मात्र दहा भ्याड माणसांचा. उदात्त उदाहरण जवळ नव्हतें असें नाहीं. सदोम नगर पापामुळें नष्ट होणार हें कळल्यावर अब्राहामानें त्या नगरासाठीं ईश्वरापाशीं रदबदली केली. पन्नास नीतिमान् माणसें सांपडलीं तर नगर वांचेल काय, येथपासून आरंभ करून तो पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस असा उतरत दहापर्यंत आला आणि तेथेंच थांबला. अनेक जण मिन्यानच्या संख्येचा संबंध या कथेशींही जोडतात. परंतु नियमाचा आधार म्हणून पंडितांनीं निवडले ते हेरच. समुदाय हा सज्जनांचाच असतो असें गृहीत धरलें तर समुदाय कधीं जमणारच नाहीं, हें व्यवहारज्ञान त्यामागें असावें असें वाटतें.

पुढील नियमांतूनही हीच दृष्टि दिसून येते. दहा जण मोजतांना कोणाची विद्वत्ता पाहावयाची नाहीं. नऊ धर्मपंडित मिळून मिन्यान होत नाहीं, पण दहा चांभार मिळून होतें, अशी यहुदी लोकांत म्हण आहे. दहांपैकीं एखादा डुलक्या घेत असला तरी त्याची गणना होते. ज्याच्या हातून धर्माज्ञेचा भंग झाला आहे असा पापी मनुष्यही, समाजानें त्याला बहिष्कृत केलेलें नसेल तर, संख्येंत धरला जातो. जेरुसलेमच्या मंदिरांत जाळावयाच्या धूपामध्यें एक दुर्गंधि डिंकही मिसळावा लागे. त्याचा दाखला देऊन ताल्मूदांत म्हटलें आहे कीं, ज्या उपवासांत इस्राएलांतील पापी सामील नाहींत तो उपवास नव्हे. प्रार्थना दहांनीं सुरू केली आणि मध्यें कांहीं जण उठून गेले, तर मागें सहा जण राहिले असतां चालू असलेला भाग पुरा करतां येतो. परंतु असें उठून जाणें निंद्य मानिलें आहे.

मोजण्याची रीतही लक्षांत घेण्यासारखी आहे. दावीद राजानें प्रजेची शिरगणती केली आणि देशावर मरी कोसळली, अशी कथा बायबलांत आहे. तेव्हांपासून माणसांवर बोट ठेवून एक, दोन, तीन असें मोजणें धर्मनिष्ठ यहुदी टाळतो. त्याऐवजीं स्तोत्रसंहितेंतील मूळ हिब्रूंत नेमक्या दहा शब्दांचें असलेलें एक वचन तो म्हणतो. एकेका माणसाकडे पाहून एकेक शब्द. वचन पुरें झालें कीं मिन्यान पुरें झालें. वचनाचे एक-दोन शब्द उरले तर कोणी तरी दारांत उभें राहून रस्त्यानें जाणाऱ्या यहुद्यास आंत बोलावितो. ही हांक अनोळखी माणसासही जाते, आणि त्या हांकेस ओ देणें हें मोठें पुण्यकर्म समजतात.

या सर्व नियमांचें मर्म कद्दीशच्या प्रसंगीं उघड होतें. आईबाप निवर्तल्यावर पुत्रानें अकरा महिने रोज कद्दीश म्हणावयाचा असतो. हा पाठ हिब्रूंत नसून बहुतांशीं अरमाई भाषेंत, म्हणजे एके काळच्या बोलभाषेंत आहे. त्यांत मृत्यूचा उल्लेख नाहीं, मृताचें नांव नाहीं, शोकाचा एक शब्दही नाहीं. आहे ती केवळ ईश्वराच्या नामाची थोरवी. परंतु तो एकतर्फी म्हणावयाचा नसतो. शोक करणाऱ्यानें एक चरण म्हणावयाचा आणि भोवतालच्यांनीं ‘आमेन’ म्हणून ईश्वरस्तुतीचा प्रतिसाद द्यावयाचा. तो प्रतिसाद हाच पाठाचा गाभा आहे. प्रतिसादाला नऊ जण हवेत, म्हणून कद्दीशला मिन्यान हवें.

याचा परिणाम काय होतो पाहा. ज्याचें दुःख ताजें आहे त्याला दार लावून कोंपऱ्यांत बसावेंसें वाटतें. पहिले सात दिवस समाज त्याची ही इच्छा मान्य करतो, पण एकटा सोडीत नाहीं. मिन्यान त्याच्या घरीं चालून येतें. त्यानंतर मात्र त्यानें रोज उठून नऊ माणसांत जावयाचें असतें. आणि उलट पक्षीं त्या नऊ जणांवरही बंधन पडतें. थंडी असो, पाऊस असो, कामाची घाई असो. आपण गेलों नाहीं तर शेजाऱ्याचा कद्दीश राहील, हें ठाऊक असल्यामुळें ते येतात. शेजाऱ्याशीं सख्य असो वा नसो, त्याच्या बापासाठीं ‘आमेन’ म्हणावयास गेलेंच पाहिजे. समाचाराला जाणें हा शिष्टाचार सर्वच समाजांत आहे. येथें तो केवळ शिष्टाचार राहिलेला नाहीं. तो नियमानें बांधून दिलेला आहे.

इतिहासाच्या दृष्टीनेंही या संस्थेचें महत्त्व मोठें आहे. इसवी सन ७० मध्यें रोमन सैन्यानें जेरुसलेमचें मंदिर जमीनदोस्त केलें. यज्ञ बंद पडले आणि पुरोहितांचें काम संपलें. ज्या धर्माचें केंद्र एकच मंदिर होतें तो त्या मंदिराबरोबर नामशेष व्हावयाचा. पण मिन्यानला मंदिर लागत नाहीं. वास्तु लागत नाहीं, उपाध्याय लागत नाहीं. प्रार्थना चालविण्यास दहांपैकीं कोणीही जाणता पुढें होऊं शकतो. त्यामुळें बाबिलोनपासून स्पेनपर्यंत जेथें जेथें दहा यहुदी पोंचले, तेथें तेथें त्यांचें उपासनास्थान उभें राहूं शकलें. जेथें दहा जण राहतात तेथें प्रार्थनेसाठीं जागा नेमलीच पाहिजे, असा नियम बाराव्या शतकांतील थोर पंडित मायमोनिडीझ यानें नमूद केला आहे. मोठें नगर कोणतें, याची मिश्नामधील व्याख्याही अशीच आहे. जेथें उद्योगधंद्यांतून मोकळीक असलेले दहा जण असतील तें मोठें नगर. एके प्रसंगीं नऊच जण जमलेले पाहून रब्बी एलियेझर यानें आपल्या दासास तत्काळ बंधमुक्त केलें आणि त्याला दहावा म्हणून उभें केलें, अशी आख्यायिका ताल्मूदांत आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या विषयास एक जिव्हाळ्याचें अंग आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकें राहिलेले बेने इस्राएल हे मराठी मातृभाषा असलेले यहुदी. अलिबागनजीक नवगांव येथें गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया बचावल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असें त्यांची परंपरा सांगते. पुढें हीं कुटुंबें कुलाबा जिल्ह्याच्या गांवोगांवीं पांगलीं. केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर अशीं त्यांचीं आडनांवें त्या त्या गांवांवरूनच आलेलीं आहेत. तेलाचे घाणे चालवावे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवावा, यामुळें लोक त्यांना शनवार तेली म्हणूं लागले. त्यांच्यापाशीं धर्मग्रंथ राहिले नव्हते, हिब्रू भाषा विस्मृतींत गेली होती. सुंता, शनिवारची विश्रांति, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध आणि शेमाचा पाठ एवढेंच पिढ्यान्‌पिढ्या टिकून होतें. जेथें एका गांवांत दोन-चार घरें, तेथें दहा कर्ते पुरुष एका वेळीं कोठून जमावेत? एकट्यादुकट्याला जपतां येईल तेवढें त्यांनीं जपलें. समुदायावांचून जें होत नाहीं तें लोपलें. परंपरेंत दाविद राहाबी म्हणून ज्याचें नांव सांगतात त्या गुरूनें पुढें तीन घराण्यांतील शिष्य तयार केले, व ‘काजी’ या नांवानें ते गांवोगांव फिरून धर्मविधि चालवूं लागले.

मुंबई वाढूं लागली तशीं हीं कुटुंबें कंपनी सरकारच्या पलटणींत, गोदींत व कचेऱ्यांत येऊन एकवटलीं. कंपनीच्या लष्करांतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल टिपू सुलतानाच्या कैदेंतून सुटून आले, आणि १७९६ सालीं त्यांनीं मांडवी भागांत बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. ‘शाअर हारहमीम’ म्हणजे ‘दयेचें द्वार’ हें त्याचें हिब्रू नांव. पण मराठी बोलणारी ही मंडळी प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत, आणि जवळच्या मशीद स्थानकाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतही मशिदी उभ्या राहिल्या. अलिबागेस १८४८ सालीं, पनवेलीस १८४९ सालीं, पेणेस १८६३ सालीं. या प्रत्येक सालाचा अर्थ इतकाच कीं, शनिवारीं सकाळीं त्या गांवीं आतां दहा जण जमूं शकत होते.

मिन्यानचें हें चित्र रम्य आहे. पण त्यास दुसरीही बाजू आहे आणि ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. मोजावयाचें म्हटलें कीं कोणाला मोजावयाचें, हा प्रश्न येतोच. याच मुंबईंत एकोणिसाव्या शतकांत बगदादकडील धनिक यहुदी व्यापारी येऊन स्थायिक झाले. आरंभीं दोन्ही समाज एकत्र प्रार्थना करीत. पुढें बगदादी यहुद्यांपैकीं अनेकांनीं बेने इस्राएलांच्या कुलशुद्धीविषयीं शंका काढली, आणि त्यांना मिन्यानमध्यें धरण्याचें नाकारलें. ज्या नियमानें पापी माणसासही बाहेर ठेवलें नव्हतें, त्याच नियमाच्या दारावर शनिवार न मोडणारा कोंकणी तेली थांबविला गेला. रंगून येथें हा तंटा न्यायालयांत गेला, आणि बेने इस्राएलांना तेथील प्रार्थनामंदिराच्या कारभारांत मतदानाचा व विश्वस्त होण्याचा अधिकार आहे, असा निर्णय १९३५ सालीं उच्च न्यायालयानें दिला. इस्राएलचें राज्य स्थापन झाल्यावर तेथें गेलेल्या बेने इस्राएलांसही हें शल्य चुकलें नाहीं. त्यांच्या विवाहापूर्वीं पिढ्यांची चौकशी करावी, असे आदेश तेथील धर्मपीठानें १९६२ च्या सुमारास काढले. त्याविरुद्ध या मराठी यहुद्यांनीं मोठें आंदोलन केलें. शेवटीं १९६४ सालीं तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असें जाहीर केलें, आणि आदेशांतून त्यांचें नांव वगळण्यांत आलें.

स्त्रियांचा प्रश्नही असाच आहे. ठराविक वेळीं करावयाच्या विधींचें बंधन स्त्रियांवर नाहीं, म्हणून त्यांची गणना मिन्यानमध्यें नाहीं, अशी सनातनी पंथाची उपपत्ति आहे आणि तो पंथ आजही दहा पुरुषांचाच आग्रह धरतो. सुधारक पंथानें हा भेद ठेवलेला नाहीं. दोहोंच्या मधल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या अमेरिकेंतील धर्मनिर्णय समितीनें १९७३ सालीं स्त्रियांना संख्येंत धरण्यास संमति दिली. आपल्या आईसाठीं कद्दीश म्हणावयास आलेल्या कन्येनें नऊ पुरुषांसमवेत दहावा पुरुष येण्याची वाट पाहावी काय, हा प्रश्न त्या निर्णयानें अनेक घरांपुरता सुटला. इतरत्र तो अद्याप धगधगत आहे.

२०२० सालच्या साथींत मिन्यानची नवीनच कसोटी लागली. एकत्र जमण्यासच बंदी झाली. दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून एकमेकांस पाहणारे दहा जण हे मिन्यान होय कीं नव्हे? दहा जण एका जागीं जमलेले असतील, तर दुरून आवाज ऐकणाऱ्यानेंही ‘आमेन’ म्हणावें, असें सोळाव्या शतकांतील ‘शुल्हान आरूख’ हा धर्मशास्त्रग्रंथ सांगतो. पण मूळचे दहा मात्र देहानें एकत्र हवेत. सनातनी पंथ या मतावर ठाम राहिला. कांहीं ठिकाणीं लोकांनीं आपापल्या सज्जांत उभें राहून एकमेकांस दिसेल अशा रीतीनें प्रार्थना केल्या. कॉन्झर्व्हेटिव्ह समितीनें संकटकाळापुरती पडद्यावरील मिन्यानला मुभा दिली. मतें भिन्न पडलीं. परंतु त्या वादांत एक गोष्ट सर्वांनाच जाणवली. प्रार्थना ऐकूं येणें निराळें आणि शेजारीं माणूस उभा असणें निराळें.

आज कोंकणांतील मशिदींपुढें याहून साधी अडचण आहे. १९४८ च्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या घरांत होती. पुढील कांहीं दशकांत त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं, आणि मागें राहिलेल्यांपैकीं पुष्कळ मुंबई-ठाण्याकडे एकवटलीं. कोचीन येथील १५६८ सालच्या परदेशी सिनेगॉगची हीच गत झाली; तेथें प्रवासी आले तरच मिन्यान पुरें होऊं लागलें. खेड्यांतील मशिदींच्या भिंती भक्कम आहेत, पेटींत तोराची गुंडाळी आहे, दिवा लावणारें कुटुंबही कोठें कोठें आहे. सणावारीं शहरांतून मंडळी आलीं कीं सामुदायिक प्रार्थना होते. एरवीं मागें राहिलेला वृद्ध आपली प्रार्थना एकट्यानेंच म्हणतो. त्याची ती प्रार्थना शास्त्रानें पुरी मानिली आहे. फक्त तींत कद्दीश नसतो.

मिन्यानचें शिक्षण म्हणून जें काय असेल तें येथेंच दिसतें. समाज ही एक अवाढव्य गोष्ट आहे आणि तींत आपण एक नसलों तर कोणाचें काय अडतें, अशी समजूत शहरांतील मनुष्याच्या मनांत सहज घर करते. हजारांच्या गर्दींत ती खरीही वाटते. दहा ही संख्या एवढी लहान आहे कीं, तींत कोणाचेंही न येणें खपून जात नाहीं. आणि एवढी मोठीही आहे कीं, ती एका घराच्या माणसांवर सहसा पुरी होत नाहीं, शेजारच्यास हांक मारावीच लागते. नगर मोठें कीं लहान हें जुन्या पंडितांनीं तेथील वाड्यांवरून ठरविलें नाहीं. हांक मारली असतां किती जण येतात, यावरून ठरविलें. हें माप यहुदी नसलेल्या वस्तीसही लावून पाहण्यास हरकत नाहीं.